येळवशीची साद

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, कोहिनूर गावच्या शिवारात माणूस मावत नाही. अख्खं गाव आंबील-भज्जी घेऊन ज्वारीत जाऊन बसतं. यंदा अण्णाराव मात्र आंबिलीचं गाडगं घेऊन एकटेच निघाले. बायको गीताबाई आषाढात गेली. पोराचा हैदराबादहून फोन आला होता, "अप्पा, सुट्टी न्हाई. यंदा ऱ्हाऊ द्या की." राहू द्या म्हणे! चाळीस वर्षांची येळवस अशी राहू देता येते होय?

त्यांचं रान ओढ्यापलीकडं, सगळ्यांपासून लांब. अण्णारावांनी कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली, आत पाच दगड पांडव म्हणून मांडले, चुना लावला, निवद दाखवला आणि भरदुपारी फेरीला निघाले. फेरीची रीत अशी, की पुढच्यानं पिकावर आंबील शिंपडत हाळी द्यायची, मागून चालणाऱ्यानं साद द्यायची, आणि फेरी पुरी होईस्तोवर पुढच्यानं मागं बघायचं नाही. मागं कायम गीताबाई असायची. तिसऱ्या बांधाला तिचं ठरलेलं, "पाय दुखायलेत बाई, आवरा की लौकर!"

पहिल्या बांधाला अण्णारावांनी हाळी दिली. पुरुषभर उंच ज्वारी नुसती सळसळली. त्यांना रडूच कोसळलं. इतकं एकटं त्यांना तिला माती देऊन आल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या बांधाला हाळी दिली, आणि लांबून, ज्वारीच्या आतून, साद आली.

ओढ्याकाठच्या शरणप्पाच्या रानातली असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. तिसऱ्या बांधाला साद पाठीशीच आली. तोच घोगरा आवाज. आंबिलीच्या आंबट वासात तिच्या मिसरीचा वास मिसळला.

"गीता... तू हाईस?"

"व्हय... मागं बघू नका."

भीती वाटली, न वाटायला काय झालं! पण आनंद भीतीहून मोठा होता. चौथा बांध सरला की फेरी सरणार, आणि ती जाणार. म्हणून कोपीपाशी ते थांबलेच नाहीत. दुसरी फेरी धरली, मग तिसरी. गाडगं रिकामं झालं, तरी रिकामी मूठ पिकावर उडवत हाळी देत राहिले. ऊन कललं. घसा बसला.

"गीता, दमलीस का गं?"

"न्हाई... आजून एक मारा."

अण्णाराव जागीच थिजले. चाळीस वर्षांत गीताबाईनं कधी एक पाऊल जास्त टाकलं नव्हतं.

"आजून एक..." अगदी कानामागं. आता मिसरीचा वास नव्हता. ओल्या मातीचा होता.

ते फेरी तशीच मोडून धावत सुटले आणि वाटेवर शरणप्पाला जाऊन धडकले. त्यानं म्हाताऱ्याला मोटारसायकलवर बसवलं.

"अण्णा, येकट्यानं कामून आलाव? आमाला हाक मारायची की."

गाडीनं ओढा ओलांडला, तेवढ्यात मागच्या ओस रानातून आवाज आला. आता ती साद नव्हती, हाळी होती. शरणप्पाला काही ऐकू आल्याचं दिसेना. अण्णारावांनी ओठ घट्ट मिटले. तरी बसल्या घशातून त्यांची साद गेलीच. आणि साद देणाऱ्यानं मागून चालायचं असतं.

"शरणप्पा," ते हळूच म्हणाले, "गाडी थांबीव."