पहिला चहा दोरीचा

बाबांचा शेवटचा रविवार आम्ही एका बसचं तोंड गोधडीत गुंडाळण्यात घालवला.

चिकलठाण्याला एका शेडमध्ये बसच्या बॉड्या बांधतात. तिथले फायबरचे मोठे भाग गावोगावच्या गॅरेजांत पोचवायचं काम बाबा त्यांच्या पिकअपमधून करत. कधी छत, कधी दरवाजे, कधी बसचा अख्खा समोरचा भाग, ज्याला सगळे नुसतं ‘शो’ म्हणतात. कारखान्यातल्या स्टोअरची नोकरी संपल्यावर घरी बसून पेपर वाचण्यापेक्षा त्यांना हे बरं वाटलं. मी कॉलेजात शिकवते. त्या रविवारी त्यांच्या हाताखालचा माणूस लग्नाला गेला होता, म्हणून मी बरोबर निघाले.

शो गाडीपेक्षा रुंद होता. बाबांनी तो पालथा ठेवला.

“पोकळ बाजू नेहमी खाली, उमे. वर ठेवली की वारा आत शिरतो आणि गाडीला पंख फुटतात.”

रंगाला दोरी घासू नये म्हणून आईच्या जुन्या गोधड्या मध्ये घातल्या. बाहेर आलेल्या कडेला लाल फडकं बांधलं. गोधडी वाटेत दबते आणि दोरी सैल पडते. म्हणून चौक्याचा घाट चढण्याआधी सावंगीला भागूबाईच्या टपरीवर थांबायचं, दोरी पुन्हा आवळायची आणि मगच ग्लासला हात लावायचा. बाबा म्हणत, पहिला चहा दोरीचा.

त्या दिवशी मी गाडीतून उतरते तोच मागून आवाज आला.

“डाव्या अंगानं ढिली हाय.”

मोटारसायकलला टेकून एकजण उभा होता. थंडीचा मफलर नाकाकानांवरून घेतलेला, त्यामुळे चेहऱ्यातले डोळेच तेवढे दिसत होते – आणि ते हसत होते.

“ती बाजू मी बांधलीय,” मी म्हणाले.

“मंग बराबर.”

“बरोबर म्हणजे?”

“म्हंजे... ढिलीच हाय.”

बाबा मोठ्यानं हसले. मला राग यायला हवा होता. तो आला नाही, याचाच थोडा आला.

“आणि तुम्हाला काय हो करायचंय?” मी विचारलं.

“मला काय करायचं? शो माझा हाय ना मॅडम. फुलंब्रीला माझं गॅरेज हाय. उशीर झाला म्हणून बघाया आलो.” मग मफलर खाली ओढून बाबांना नमस्कार करत म्हणाला, “बद्रीनाथ, काका.”

बाबांचा दुसरा नियम असा, की बांधणाऱ्यानं स्वतःची गाठ स्वतः तपासायची नाही. त्यांनी मला दोरी ओढायला लावली आणि त्याला तपासायला. तो माझ्या शेजारी आला. ग्रीसचा आणि थंड पत्र्याचा वास आला. त्यानं शोला दोन्ही हात लावून जोरात हलवलं. शोबरोबर सगळी पिकअप डुलली.

“गाडी हलली, माल नाय हलला. पास.”

“मास्तर आहात वाटतं?”

“मी कुठला? मास्तरीण तर तुमी दिसता. कवापासून डोळे वटारताय.”

शो उतरवून आम्ही परत निघालो. बाबा रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाले, “पोरगा बरा आहे.”

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. हसू दिसू नये म्हणून. पण काचेत ते त्यांना दिसलंच असणार.

दुसऱ्या दिवशी आमच्या भागात पाण्याचा दिवस होता. आठवड्यातून एकदा पहाटे नळ येतो, तेव्हा बाबा मोटर लावायला उठत. मला जाग आली ती टाकी भरून वाहत असल्याच्या आवाजानं. एवढं पाणी बाबांनी कधी वाया जाऊ दिलं नव्हतं. मी अंगणात गेले. ते मोटरपाशी भिंतीला टेकून बसले होते, आणि पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं.

नंतर जे होतं ते झालं. माणसं आली, गेली. आई आधीच गेलेली, त्यामुळे घर लवकर रिकामं झालं. माझं वाचन पुष्कळ. मृत्यूवरची किती वाक्यं मला पाठ आहेत. त्यातलं एकही उपयोगी पडलं नाही. मला तर दोन साधे शब्द उच्चारता येत नव्हते.

बाबांचा फोन वाजायचा. “सदाशिवकाका हायेत का?”

“बाहेर गेलेत,” मी म्हणायचे. “काय काम होतं?”

शेडवरच्या माणसांना माहीत होतं. ते माझ्याकडे बघत आणि विषय काढत नसत. एक दिवस बद्रीनाथचा फोन आला. त्याच बसचं छत तयार होतं, काका कधी आणतील?

“बाबांना बरं नाही,” मी म्हणाले. “मी रविवारी आणते.”

गाडी मला चालवता येत होती. दोरी आवळायला सावंगीला थांबले, तर तो तिथं आधीच उभा.

“काका कसे हायेत?”

“आहेत.”

“हे द्या त्यांला.” त्यानं पेरूंची पिशवी पुढे केली. “आमच्याच मळ्यातले. मायनं निवडून दिलेत.”

त्या रविवारी अवकाळी पावसाचा एक सडाका आला. टपरीची ताडपत्री गळत होती. आम्ही दोघं पिकअपमध्ये चढून त्या पालथ्या छताखाली बसलो, मध्ये भागूबाईनं दिलेले दोन ग्लास. फायबरवर पाऊस ताडताड वाजत होता. वाकून बसल्यामुळे त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता... त्यानं तो काढून घेतला. थोड्या वेळानं तो पुन्हा लागला. या वेळी कुणीच काढून घेतला नाही.

“मॅडम, हसत का नाय तुमी? त्या दिवशी तर हसला व्हता.”

“कधी?”

“दोरी ओढताना. मी बघितलं ना.”

त्या दिवशी. त्याच्यासाठी तो दिवस मी हसले तो होता. माझ्यासाठी त्याच्या पलीकडे लगेच ती पहाट होती, आणि एकाला हात लावला की दुसरी हलायची.

मग मागचा पत्रा आला, दरवाजे आले. ती बस संपली तर त्याच्या गॅरेजात दुसरी सुरू झाली. रविवारामागून रविवार. तो दोरी तपासायचा, मुद्दाम खोट काढायचा, मी भांडायचे. आणि दर वेळी पेरूंची पिशवी. “काकांला द्या.” “काकांला गोड लागले का?”

“लागले.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले... बिया फार आहेत.”

तो खूश झाला. “व्हय, बिया लई हायेत. काका बराबर बोलले.”

घरी येऊन मी स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या ते पेरू खायचे. मीठ-तिखट लावून, बाबा खायचे तसे. बाबांना मी जिवंत ठेवलं होतं, आणि ते मुळीच अवघड नव्हतं. फुलंब्रीत एक माणूस होता, ज्याच्या लेखी ते अजून अंथरुणावर पडून पेरूंना नावं ठेवत होते. त्या माणसाला खरं सांगणं म्हणजे पुन्हा एकदा अंगणात जाणं होतं.

होळीच्या आधीच्या रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. दोरीकडे बघितलंसुद्धा नाही.

“येत्या रविवारी मी अन् माय तुमच्या घरी येतो,” तो म्हणाला. “काकांला भेटाया. म्हंजे... विचाराया.” त्यानं मान खाली घातली. “तुमची ना नसंल तर.”

मला सगळं ऐकू येत होतं. भागूबाईचा स्टोव्ह, घाटात गिअर बदलणारा ट्रक.

“रविवारी नको,” मी म्हणाले.

“मंग त्याच्या म्होरच्या?”

“तेव्हाही नको.”

त्यानं मान वर केली. “आमचं शेतकऱ्याचं घर. तुमी लोकं शिकलेली, बामणाची. मला कळतं की. येवढं सांगा – काकांचा नकार हाय का?”

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर पुरे होतं. तो निघून गेला असता आणि बाबा राहिले असते. घरात, आरामखुर्चीत, मुलीच्या लग्नाला नकार देणारे एक हट्टी म्हातारे. किती जिवंत वाटलं ते मला.

तो मोटारसायकलकडे वळला. त्यानं किल्ली लावली.

“नकार नाही,” मी म्हणाले. “बद्रीनाथ, थांबा. बाबा गेले.”

त्याला वाटलं आत्ताच काही कळलं, फोन आला. तो धावत परत आला. “कवा?”

“तुमचा शो उतरवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. पहाटे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वाट पाहत होते, रागाची, किंवा त्यानं निघून जाण्याची. तो पिकअपच्या मागच्या फाळक्यावर बसला.

“मंग ते पेरू?”

“मी खाल्ले.”

“समदे?”

“सगळे.”

त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. इस्त्री मोडली. “मी रोज मायला सांगायचो,” तो हळू म्हणाला, “काका बरे व्हत्याल म्हणून.” मग म्हणाला, “येकलीच व्हता तुमी?”

मी मानेनंच हो म्हटलं. आणि इतके दिवस जे रडू आलं नव्हतं ते आलं. भागूबाई स्टोव्ह सोडून उठली, पण जवळ आली नाही. तो उठला, माझ्यासमोर उभा राहिला. हात पुढे केला आणि तसाच हवेत धरून ठेवला, मी घ्यावा की नको हे माझ्यावर सोडून.

मी तो घेतला.

“बाबा गेले,” मी पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्यानं, “आणि तुम्ही मला हवे आहात.”