तिसऱ्या खांबापलीकडे

"ओ मॅडम, तुमचं शिसं माझ्या दोरीवर चढलं ना!"

आमच्या ओळखीतलं हे पहिलं वाक्य. प्रेमकथेला शोभणारं मुळीच नाही, पण जे झालं ते झालं.

साल १९९६. थंडी सरत आलेली, सुरतेत सरदार पुलाजवळ तापीचा काठ, आणि ओहोटीचं धावतं पाणी. आठवडाभर कापडाच्या लूमवर उभे राहणारे माझे आबा रविवारी गळ घेऊन इथं येत, आणि मीही त्यांच्या मागोमाग लिंबायतहून यायची. माझ्याकडे जुन्या बाजारातलं स्पिनिंग रीळ होतं. त्यावरून दोरीच्या टोकाचं शिशाचं वजन मी इतकं लांब फेकायची, की काठावरची माणसं वळून बघायची. मला ते आवडायचं... खोटं कशाला बोलू?

"तुमचीच दोरी मध्ये आली," मी ठणकावलं.

तो हसला. हसताना त्याची मान थोडी खाली जायची. "माझी जागेवरच हाये. तुमचं शिसं हलकं, वाहून राह्यलं. जड लावा."

"जड शिशानं माझं रीळ मोडेल."

"म्हणून तर हे." त्यानं आपलं रीळ पुढं केलं. गोल, पितळी, काठीच्या वर बसवलेलं. "पण तुम्हाला नाही जमणार. स्पिनिंगची सवय झालेल्याला तीन महिने लागतात."

झालं! नाही जमणार म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तो रघुनाथ. अकोल्याचा, हजिऱ्याच्या कारखान्यात फिटर. पुढच्या रविवारी मी त्याच्याकडून ते रीळ मागूनच घेतलं. स्पिनिंगमध्ये दोरीचं चाक स्थिर असतं, दोरी आपली सुटत जाते. इथं चाकच गरगर फिरतं आणि त्याला ब्रेक एकच — आपला अंगठा. सोडला तर दोरी गुंतून तिचं घरटं होतं, दाबला तर शिसं पुढं जात नाही.

माझं शिसं पुढं जातच नव्हतं.

"अंगठा काऊन दाबता?"

"मी दाबत नाही, तो आपोआप दाबतो!"

खरंच होतं ते. मी कारखान्यात दोऱ्याच्या कांड्या भरायची. फिरत्या कांडीवरचा दोरा जरा सैल लागला की अंगठा पडलाच पाहिजे, नाहीतर माल खराब. सहा वर्षांची ती सवय. शिसं सुटायच्या आतच अंगठा चाकावर बसायचा आणि शिसं माझ्याच पायाशी डुबुक करायचं. रघुनाथ तोंड फिरवून हसायचा. मी त्याच्या पाठीला वेडावून दाखवायची.

असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी तो हसला नाही.

"पुढच्या सोमवारी कांडल्याला चाललो, बंदराच्या कामावर," तो म्हणाला. "दोन वर्षांसाठी."

"एवढंच सांगायचं होतं?"

"सांगायचं तर लय हाये..." त्यानं दूर बसलेल्या आबांकडे पाहिलं. "पण त्यांची भीती वाटते."

मला राग आला, रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की मी पैज लावते. "पुढच्या रविवारी या रिळानं तीन फेकींत माझं शिसं पुलाच्या तिसऱ्या खांबाच्या पुढं गेलं, तर तुम्ही तिथल्या तिथं आबांशी बोलायचं."

"अन् नाही गेलं तर?"

"तर मुकाट गाडीत बसायचं."

त्यानं ते रीळ आठवडाभरासाठी माझ्या हातात ठेवलं. त्याचे हात गरम होते.

रोज सकाळी मोकळ्या प्लॉटवर मी जीव तोडून फेकत होते. दात आवळून, अंगठ्याला दटावून. काही उपयोग नाही. शुक्रवारी कारखान्यातही दोरे तुटायला लागले. शेजारच्या मशीनवरच्या सरलाबाई शेवटी म्हणाल्या, "आज तुनं तोंड बंद शे, म्हनीसन हात बी चालत नही!"

मी कांडीकडे बघतच राहिले. एरवी दिवसभर आमची बडबड चालते. बोलता बोलता माझा अंगठा कांडीवर कसा असतो? दाबलेला नसतो... नुसता टेकलेला असतो!

रविवारी रघुनाथ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पहिल्या फेकीला मी श्वास रोखला आणि शिसं पायाशी पडलं. दुसऱ्या वेळी अंगठा पार उचलला, तर दोरीचं घरटं झालं. आम्ही दोघं पायरीवर बसून गुंता सोडवत राहिलो. बोटांना बोटं लागत होती, दोघंही सोडवायची घाई करत नव्हतो. पण पाणी चढायला लागलं होतं आणि आबा सामान आवरत होते.

"एकच फेक राहिली," तो हळूच म्हणाला. त्याचा आवाज माझ्याहून जास्त घाबरलेला होता.

"माझ्याशी बोला."

"काय बोलू?"

"काहीही! मी गप्प राहिले की बिघडतं. बरं, तुम्ही नका बोलू, मीच बोलते." मी काठी मागं नेली. "तुम्हाला शिकवता येत नाही. तुमचं हसू चांगलं आहे. सोमवार ते शनिवार माझा दिवस जात नाही..." काठी पुढं आली, चाक गुणगुणायला लागलं, अंगठा नुसता टेकलेला. "कांडल्याला मासे मिळतील तुम्हाला, मी मिळणार नाही! मला तुम्ही आवडता... फार आवडता — आणि हे तुमच्या आधी मलाच बोलावं लागतंय!"

चाक थांबलं. अंगठा आपणहून, हळूच बसला होता. एक वेढाही सैल नव्हता.

मी रघुनाथकडे पाहत होते. तो माझ्याकडे. त्याचे डोळे भरले होते.

"गेलं का?" मी विचारलं.

"म्या... पाह्यलंच नाही."

मीही पाहिलं नव्हतं! सगळी पैज त्या एका शिशावर, आणि ते कुठं पडलं हे दोघांनाही माहीत नाही. मी डोक्याला हात लावला.

मागून आबांचा आवाज आला. काठी खांद्यावर, डबा हातात, ते अगदी चार पावलांवर उभे होते.

"गयं वं पोरी! तिसरा खांबना पार पल्याड गयं. आख्खा काठनी दखं." मग त्यांनी डबा खाली ठेवला, पायरी रुमालानं झटकली आणि बसून रघुनाथला शेजारची जागा दाखवली. "बठ, बापा. तिनं तं सांगी टाकं. आते तू बोल."