मागच्या रक्ताचा जबाब

आष्टीच्या बाजारात एक मोटारसायकल थेट बेबीनंदाच्या मेंढ्यांपुढं येऊन थांबली.

"ओळखलं का?" चालवणाऱ्यानं विचारलं.

ओळखलं होतं. सत्त्याण्णवच्या भादव्यात मेंढ्यांची तोंडं सुजली, जिभा निळ्या पडल्या अन् तिच्या बापाची, राधाकिसनची, एकवीस मेंढरं गेली. तेव्हा हाच भुजंग, जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारा डॉक्टर, वाचलेल्या मेंढ्यांचं रक्त घेऊन गेल्ता. मेंढ्या धरायला बेबीनंदाच होती. "आठ दिवसांत कळवतो," म्हणाला होता... अन् तिच्याकडं बघून हसला होता.

"पुन्हा थोडं रक्त लागेल," तो आता म्हणाला.

"आधी मागच्याचं सांगा. वर्ष झालं, डॉक्टर. आमची मेंढरं म्हंजी नळ हाय का, कव्हाबी यावं अन् भरून न्यावं?"

भुजंगची मान खाली गेली. "दिवाळीतच कळलं होतं. पण मोठे सर म्हणाले, प्रबंध छापून होईस्तोवर बाहेर बोलायचं नाही."

"दिवाळीनंतर माझ्या चुलत्याची अकरा मेली." "सर तर सर... पण तुम्ही?"

भरलेले डोळे त्याला दिसू नयेत म्हणून ती मेंढ्या हाकत झपाझप निघाली.

आठवड्यानं तो मेंढवाड्यावर आला. हातात त्यानं स्वतः मराठीत लिहिलेले कागद होते. राधाकिसनला त्यानं नीट समजावलं – हा विषाणू चिलटं पसरवतात. सांजेला ओल्या रानात मेंढ्या नेऊ नका, भोवती धूर करा. वाचलेल्या मेंढ्यांच्या रक्तात याच्याशी लढायची ताकद आलीय, त्या विकू नका. विषाणूची दुसरी जात आली तर मात्र सांगता येत नाही.

बाप मेंढ्यांकडं वळला तशी बेबीनंदानं विचारलं, "सर काय म्हणले?"

"कामावरून काढलं."

"अन् हसून काय राह्यले मंग?"

"सगळ्या गावांत कागद वाटले. हे गाव मुद्दाम शेवटी ठेवलं... इथून पुढं जायला लागू नये म्हणून."

तिचा राग अजून उतरला नव्हता. "वर्षभर रस्त्याकडं बघून राह्यले मी. वाटलं, मेंढ्यांच्या जबाबासाठीच..."

"मग कशासाठी?"

"इतकं शिकलात... ते बी मीच सांगू का?"

तो तिच्याकडं बघतच राहिला. ती लाजली, पण नजर काढली नाही.

"जेवून जा, डॉक्टर," राधाकिसननं मेंढ्यांतून आवाज दिला.

"जेवतील की," बेबीनंदा म्हणाली. "जातेत कुठं."