वाघझरीचा एकुलता कॅमेरा

शिवांजलीचं डिटेक्टिव्ह ऑफिस मिरजेत एका तंबोऱ्याच्या दुकानावर होतं. खाली दिवसभर तारा जुळवणं चालायचं, त्यामुळे वरची कुजबुज कुणाच्या कानावर जात नसे. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. मावसभाऊ रविराज तिचा ड्रायव्हर, सहायक आणि त्याच्या मते उजवा हात होता. शिवांजली डावखुरी होती.

त्या सकाळी खाकी गणवेशातला एक तरुण जिना चढून आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "ताई, आमचा कॅमेरा गेला. आज दुपारपातुर न्हाई घावला तर आख्खं पठार जाईल."

तो जोतिबा, सह्याद्रीतल्या राष्ट्रीय उद्यानाचा वनरक्षक. उद्यानाला निधी असा, की जीपला टायर मिळाले तर डिझेल नसायचं आणि डिझेल आलं तर टायर गेलेले असायचे. वाघझरी पठारावर जनावरांचे आपोआप फोटो काढणारा कॅमेरा होता, एकच. त्याच्यासाठी सेल जोतिबा घरचं भिंतीवरचं घड्याळ बंद पाडून आणायचा.

"एका कंपनीला तिथं हॉटेल आन काचंचा पूल बांधायचा हाय," तो म्हणाला. "त्यांचं म्हणणं, पठारावर जनावरच न्हाई, तवा उद्यानातनं वगळा. आज समिती यायची हाय. पुरावा त्या कॅमेऱ्यात. आमचा कंप्युटर बंद, म्हणून कार्ड आतच ऱ्हायलं. वर साहेब म्हणत्यात, तूच इकला आसशील."

"कुठे बांधला होता?"

"झऱ्यावरच्या जांभळाला. दिवाळीपासनं एकाच जागी, पट्ट्यानं आवळून. काल बघतो तर पट्टाबी न्हाई."

"आता झाड कसं दिसतंय?"

"कसं दिसणार? हिरवंगार. वरपासनं खालपातुर शेवाळ."

शिवांजलीची लेखणी क्षणभर थांबली. रविराजला वाटलं, शाई संपली.

"कुणावर संशय?"

"कंपनीचा मॅनेजर, विश्वजीत. त्याची माणसं गावात कॅमेरा कुठं हाय म्हणून इचारत हुती. आमच्या आबांनाबी इचारलं."

"आबांनी काय सांगितलं?"

"शिव्या घातल्या." जोतिबा खाली बघत म्हणाला. "आबा म्हंजे माझं वडील, रिटायर हवालदार दादासो. घरात पणज्यापासनं फौज. मी जंगलात नोकरी धरली, तवापासनं माझ्याशी बोलत न्हाईत. 'माकडं हाकतोय' म्हणत्यात, त्येबी दुसऱ्याला. आज त्यांच्या गुडघ्याचं आपरेशन हाय, ह्या समोरच्याच दवाखान्यात. मला आईकडनं कळलं."

"मग आधी तिकडे जाऊ."

दवाखान्यात पोचेपर्यंत दादासोंना आत नेलं होतं. नर्सबाई वैतागल्या होत्या. "तुम्ही मुलगा का? काय वडील आहेत! काल चिंब भिजून आले. छत्री कुठाय विचारलं तर म्हणाले, 'ड्यूटीवर आहे.' नखं तर अशी हिरवी, की तीनदा ब्रश मारला!"

"शेतातनं आलं आसतील," जोतिबा पुटपुटला. बंद दाराकडे बघत तो जरा वेळ उभा राहिला. मग तिघं निघाले.

उद्यानाच्या नाक्याजवळ बयाबाई भेटली, पठाराखालच्या वस्तीवरची म्हातारी. म्हशी पुढे आणि ती मागे, नव्याकोऱ्या काळ्या छत्रीखाली.

"छत्री झ्याक हाय, आजी," शिवांजली म्हणाली.

"आगं, कसली झ्याक! चोरी झाली बाई माझी. गोठ्यात गोणपाटाची खोळ टांगलेली, पावसात डोक्यावर घ्यायची, तीच नेली. आन त्या जागी ही ठिवली. येडंच हुतं म्हण की."

"तक्रार केली?"

"काय म्हणून? फाटकी खोळ नेऊन छत्री दिली म्हणून?" ती हसली, मग आठवून चिडली. "त्या मुडद्यानं झऱ्याच्या दगडाचं शेवाळबी खरवडलंय. बारक्या पोराचं जावळ काढल्यागत टक्कल!"

ही चोरी कुठल्या कलमात बसते, याचा रविराज पुढचं सगळं वळण विचार करत होता. गाडी थोडक्यात वाचली.

चौकीवर विश्वजीत चहा घेत होता. पांढरे बूट, पांढरे मोजे. एका मोज्यावर मात्र रुपयाएवढा लाल डाग होता आणि तो वाढत होता.

"मी तर अजून पठारावर पायच ठेवलेला नाही, मॅडम. चिखलाची मला ॲलर्जी आहे."

"सापडला!" रविराज बाहेर येऊन कुजबुजला. "ताई, हा डाग जळूचा आहे. जळवा वर झऱ्यापाशीच असतात. यानंच नेला कॅमेरा."

"वर गेला होता हे खरं. पण कॅमेरा मिळाला असता, तर हा इथं चहा पीत बसला असता का?"

रविराजला हे पटलं नाही. पण त्याला बऱ्याच गोष्टी पटायला वेळ लागत असे. इलेक्ट्रिक कार अजून पटली नव्हती.

दुपारी समिती पठारावर पोचली. पाऊस थांबला होता, जांभळाखाली धुकं साचलं होतं. जोतिबाचा चेहरा उतरला होता. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "वनरक्षक, पुरावा आहे की नाही?"

विश्वजीत हळहळल्यासारखा चेहरा करून उभा होता. रविराज दमून जांभळाला टेकला. "हे झाडसुद्धा धड नाही," तो कुरकुरला. "पाठीला गाठ टोचतेय."

"हलू नकोस, रवी," शिवांजली म्हणाली. "साहेब, पाच मिनिटं द्या. कॅमेरा चोरीला गेलेलाच नाही."

सगळे वळले.

"दिवाळीपासून पट्टा आवळलेला होता. तो सोडला असता, तर तिथं उघड्या सालीचा वळ उरला असता. पण जोतिबानं सांगितलं, वरपासून खालपर्यंत शेवाळ. एका दिवसात शेवाळ उगवत नाही. ते कुणीतरी आणून लावलंय, त्या झऱ्याच्या दगडावरून. आणि लावायला खाली काहीतरी हवं. बयाबाईंचं गोणपाट."

"पन का म्हणून?" जोतिबानं विचारलं.

"लपवण्यासाठी. यांची माणसं कॅमेरा शोधत होती." तिनं विश्वजीतच्या मोज्याकडे पाहिलं. "हेही वर येऊन शोधून गेले. जळू साक्षीला आहे. त्यांनाही दिसला नाही, तुलाही नाही. कारण हे काम अशा माणसाचं आहे, ज्याला ठाणं शत्रूपासून झाकायचं शिकवलेलं आहे. म्हातारीची खोळ फुकट घेणं त्याला पटलं नाही, म्हणून स्वतःची छत्री ठेवली. स्वतः भिजत दवाखान्यात गेला. हिरव्या नखांनी."

जोतिबा हळूच म्हणाला, "त्यांचा गुडघा... त्यांना घरची पायरी चढवत न्हाई, ताई. आन कॅमेरा कुठं हाय, हे मी त्यांना कवाच सांगितलं न्हाई."

"तू सांगितलं नाहीस. पण तुझी गस्तीची वाट त्यांना पाठ आहे."

रविराज बाजूला झाला. जोतिबानं गाठीवरचं शेवाळ सोललं. आत गोणपाट, सुतळीची पक्की फौजी गाठ आणि कॅमेरा. भिंगापुढे बोटभर भोक सोडलेलं होतं. खंदकातून बाहेर दिसावं लागतंच.

अध्यक्षांच्या लॅपटॉपवर फोटो उघडले. गवे. भेकर. पिल्लू पाठीवर घेतलेलं अस्वल. आणि एका पहाटे, मान खाली घालून पाणी पिणारा वाघ.

त्यानंतर एक प्रचंड डोळा आला. मग मिशी. मग अख्खे दादासो, गुडघ्याला हात लावून झऱ्याच्या कडेला बसलेले, शेवाळ ओंजळीत. मग धुकं. मग विश्वजीत, उजवीकडून. विश्वजीत, डावीकडून. विश्वजीत, पायावरची जळू उपटताना.

"हा प्राणी वारंवार दिसतो," अध्यक्ष कोरडेपणानं म्हणाले. "पण याच्यासाठी पठार राखायची गरज नाही. वाघासाठी आहे. वगळण्याचा प्रस्ताव आम्ही फेटाळतोय." विश्वजीत तोवर धुक्यात शिरला होता.

मिरजेत पोचेपर्यंत दिवेलागण झाली. दादासो नुकते शुद्धीवर येत होते. जोतिबा कॉटपाशी उभा राहिला. रविराज दारातच थांबला.

म्हाताऱ्यानं एक डोळा उघडला. "पठार हाय का गेलं?"

"हाय, आबा."

"मग हितं काय करतुयास? तिकडं जंगलावर कोण हाय? जा माघारी."

"जातो."

जोतिबा वळायला गेला, पण जाता येईना. जा जा म्हणत दादासोंनी त्याचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, आणि तसेच ते झोपी गेले. रविराजनं आवाज न करता एक स्टूल आणून जोतिबाच्या मागे ठेवलं.