चौसष्टाचे साठ कसे झाले?

हरणटेकच्या सरकारी माध्यमिक शाळेचं छप्पर सूर्याकडे तोंड करून फिरायचं. त्यावरची सौरतावदानं (उन्हापासून वीज तयार करणाऱ्या काचा) इतकी इमानी होती, की त्यांच्या ओढीनं नववीचा वर्ग सकाळी विहिरीसमोर असायचा आणि दुपारी पिठाच्या गिरणीसमोर. ज्याला हे खोटं वाटतं त्यानं गिरणीवाल्याला विचारावं. पोरं दुपारी बेरजा सोडून दळणाचे डबे मोजतात, अशी त्याची कायमची तक्रार होती.

तर अशा त्या शाळेत एक कोडं येऊन बसलं होतं आणि त्यानं सगळ्यांना पार दमवलं होतं.

कोडं आणलं त्रेसष्टरावांनी. हे म्हणजे शिक्षण खात्याचे त्रेसष्ट क्रमांकाचे तपासनीस यंत्रमानव. महिनाभरात दोनशे अकरा शाळा हिंडून आलेले, गुडघ्यांत धूळ बसलेली, आतला पंखा मिनिटाला एक उसासा टाकणारा. समोर हेडसर टाकसाळे, तेही तसेच. दोघं एका खोलीत बसले की कुठला उसासा कोणाचा, हे कळायचं नाही.

नववीतली द्वारका गर्जे दारात उभी होती. सरांनीच बोलावलं होतं तिला. तिचे आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर दर हंगामात सहा महिने कारखान्याच्या गावी जायचे. पूर्वी ती पण जायची. शाळेला वसतिगृह झालं तेव्हापासून ती इथेच राहू लागली होती.

त्रेसष्टरावांनी छातीवरच्या पडद्यावर दोन आकडे दाखवले. दहावीची सरासरी (सगळ्यांचे गुण एकत्र करून मुलांच्या संख्येनं भागल्यावर येणारा आकडा) पाच वर्षांपूर्वी चौसष्ट होती, यंदा साठ. चार गुणांनी घसरलेली शाळा तालुक्याच्या शाळेत विलीन करायची, असा नियम होता. पुढच्या वर्षीचा आकडा वर येईल अशी खात्री दिली, तरच सुटका. तालुका तीस किलोमीटरवर.

सरांनी टेबलाचा खण उघडला. आत सतरा नंबरचे चाळीस फॉर्म होते. हा फॉर्म भरला की विद्यार्थी शाळेत नाव न ठेवता बाहेरून दहावीला बसतो, आणि त्याचे गुण शाळेच्या सरासरीत धरत नाहीत. पुढच्या वर्षी दहावीला टोळीवरची चाळीस मुलं होती. सगळ्यात वरच्या फॉर्मवर द्वारकाचं नाव सरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

"परीक्षा देता येतेच की, पोरी," सर फॉर्मकडे बघत म्हणाले. "फक्त शाळेच्या नावानं नाही."

"आणि सर, हॉस्टेलातली कॉट?"

सर फॉर्मांच्या कडा जुळवू लागले. शाळेत नाव नाही म्हणजे कॉट नाही, आणि कॉट नाही म्हणजे दसरा झाला की हातात कोयता. द्वारकाला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिला रडू आलं नाही. आठवला तो उसानं भरलेला एक ट्रॅक्टर. चौथीत असताना कारखान्यावर मुकादम तिच्या बापावर खेकसला होता, की तुमच्या गाडीचा उतारा (शंभर किलो उसातून जितके किलो साखर निघते तो आकडा) पडला. बाप शांतपणे म्हणाला होता, माळावरचा ऊस जास्त गोड असतो, नदीकाठचा कमी. अवंदा दोन्हीकडची गोडी वाढलीय, पण गाडीत नदीकाठचा ऊसच जास्त भरलाय.

तिनं सरांकडे दोन्ही सालांचे निकाल मागितले. खडू घेतला. सरांनी हातानंच नको म्हटलं, पण उठून अडवण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी दहावीत पन्नास मुलं होती. गावातली चाळीस, त्यांची सरासरी सत्तर. टोळीवरची दहाच, त्यांची चाळीस. चाळीस गुणिले सत्तर म्हणजे अठ्ठावीसशे, दहा गुणिले चाळीस म्हणजे चारशे. एकूण बत्तीसशे, भागिले पन्नास. चौसष्ट.

यंदाही मुलं पन्नासच. पण गावातली ऐपतीची पोरं उडत्या बसनं शहरातल्या शाळांत जाऊ लागली होती, म्हणून गावातली उरली वीस. त्यांची सरासरी मात्र पंच्याहत्तर. वसतिगृहामुळे टोळीवरची झाली तीस आणि त्यांची सरासरी पन्नास. वीस गुणिले पंच्याहत्तर पंधराशे, तीस गुणिले पन्नास पंधराशे. एकूण तीन हजार. भागिले पन्नास.

"साठ," त्रेसष्टराव म्हणाले. पंखा थांबला. "दोन्ही गट वर चढले आणि शाळा खाली आली?"

"शाळा खाली नाही आली. गाडीतला ऊस बदलला."

त्रेसष्टरावांनी तीन वेळा बेरीज तपासली. पन्नास हे पंच्याहत्तरपेक्षा कमीच, असंही त्यांनी बजावलं.

"कमीच हायेत की," द्वारका म्हणाली. "पण चाळीस व्हते."

त्यावर त्या बिचाऱ्या यंत्रमानवानं आपलं दुखणं सांगितलं. त्याच्या अहवालात एकच रकाना, त्यात एकच आकडा मावतो. द्वारकानं त्याच्या पडद्यावर सगळ्यात खाली बोट ठेवलं. तिथे 'शेरा' असं लिहिलेलं होतं. दोनशे अकरा शाळांत तिथे कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटानं तिनं फळ्यावरचं सगळं त्यात उतरवलं.

अकरा दिवसांनी खात्याचं उत्तर आलं. हरणटेकची शाळा विलीन होणार नव्हती. पुढच्या वर्षापासून प्रत्येक गटाचा आकडा वेगळा कळवायचा होता.

सरांनी खण उघडला, चाळीस फॉर्म काढले, उलटे केले आणि सुई-दोऱ्यानं शिवून त्यांची वही केली. द्वारकाच्या नावाचा फॉर्म सगळ्यात वर आला, कोरी बाजू दाखवत.

"गणितं सोडव यात," ते म्हणाले. "पंच्याहत्तर अजून लांब आहे."

पुढच्या वर्षी गावातली दहा आणि टोळीवरची चाळीस. गुण आहेत तेवढेच राहिले तरी सरासरी किती, हे द्वारकानं पहिल्याच पानावर मांडलं. पंचावन्न आले. सर ते वाचून कितीतरी दिवसांनी हसले.

"आणखी पाचनं खाली. म्हणजे टोळीवरची आणखी दहा पोरं दहावीपर्यंत टिकली," ते म्हणाले, आणि वसतिगृहात आणखी दहा कॉट कुठे मावतील ते बघायला निघाले.