ग्लासावरचा चमचा

एमिन, शेगडीत अजून एक लाकूड सार आणि तो मोबाईल खिशात ठेव. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो, नंतर जमणार नाही. ही सित्कीची गोष्ट. वरच्या आळीत त्याचं सहा खोल्यांचं लॉज आहे. त्याची आणि माझी भिंत एकच, म्हणून मला माहीत.

२०१९ची तेवीस जानेवारी, बुधवार. संध्याकाळी सित्की पाव आणायला निघाला होता. बेकरीपाशी एर्झुरुम शहरातून येणारी बस थांबली आणि एकच माणूस उतरला. पन्नाशीचा, अंगात पातळ कोट. नाव तुर्गाय. जर्मनीत वाढलेला. आई आपल्या गावची, ती नुकतीच गेली होती. तिची गल्ली त्याला एकदा डोळ्यांनी बघायची होती.

“ह्या थंडीत?” सित्की म्हणाला. “जानेवारीत इथं कुत्रंसुद्धा घर सोडत नाही, भाऊ. चला माझ्याकडे.”

सित्कीच्या बायकोनं, मेलाहतनं, मसुराचं गरम सूप वाढलं. मग चहा. तुर्गाय ग्लास रिकामा करायचा, सित्की लगेच भरायचा. सहाव्या ग्लासाला बिचारा घायकुतीला आला.

“पुरे की हो दादा!”

“मग चमचा आडवा ठेवा ना ग्लासावर! आईनं एवढंही शिकवलं नाही? चमचा आडवा म्हणजे पुरे. नाहीतर मी आपला ओततच राहणार, सकाळपर्यंत!”

तिघंही पोट धरून हसले. तुर्गाय म्हणाला, हा शेवटचा ग्लास वर घेऊन जातो. आणि झोपायला गेला.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी वरून आवाज आला. टिंग टिंग. काचेवर चमचा.

“अहो, पाहुणा बोलावतोय,” मेलाहत म्हणाली.

“त्याला चटक लागली चहाची. ही काय वेळ आहे? मी काय त्याचा नोकर? झोप तू.”

त्यानं रजई डोक्यावरून ओढली. टिंग टिंग बराच वेळ चाललं. मग थांबलं.

सकाळी तुर्गाय पलंगाखाली पडलेला होता. एक हात छातीवर. दुसऱ्या हातात चमचा.

डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, वेळेवर कुणी आलं असतं तर... रात्रीच्या टिंग टिंगचं सित्कीनं कुणाला काही सांगितलं नाही. बायकोनं नाही, त्यानं नाही.

दुपारी शववाहिका निघाली, आणि तिथं सित्कीच्या हातानं घात केला. तीस वर्षं त्या दारातून जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्यामागं त्यानं तांब्याभर पाणी ओतलंय. पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये. गाडी वळणाला लागली आणि यानं सवयीनं तांब्या रिकामा केला.

मेलाहतनं तोंडावर हात ठेवला. “काय केलंत हे? मेलेल्याच्या मागं पाणी? त्याला परत बोलावलंत?”

मी तिथंच उभा होतो.

सातवी रात्र. तीस जानेवारी, परत बुधवार. बर्फ पडून थांबलेलं. ती खोली कुलूपबंद. किल्ली सित्कीच्या उशीखाली.

दोन वाजून दहा मिनिटं.

टिंग... टिंग...

मेलाहत उठून बसलेली. नवऱ्याकडे बघत राहिली.

या वेळी सित्की उठला. चहा केला. साखरेचे दोन खडे. जिना चढला. हातात ग्लास, बशी, चमचा. दाराशी पोचला...

आवाज थांबला.

कुलूप काढलं. अंधार. दिवा लागेना. आत कुणीतरी श्वास रोखून बसलंय, असं त्याला वाटलं.

त्यानं ग्लास टेबलावर ठेवला. चमचा बशीत.

“तुर्गायभाऊ,” तो म्हणाला, “मी ऐकलं होतं. जागा होतो मी. आलो नाही...”

काही नाही.

“जनाज्याला इमाम जिवंत माणसांना विचारतो, ह्याला माफ केलंत का म्हणून. मेलेल्याला कुणी विचारत नाही. मी विचारतोय. मला माफ करा.”



तो बाहेर आला. कुलूप लावलं. किल्ली मुठीत धरून दाराला पाठ लावून बसला. पहाटेच्या अजानपर्यंत आतून हूं का चूं नाही.

उजाडल्यावर त्यानं मला हाक मारली. एकट्यानं दार उघडायचं धाडस होईना. आम्ही दोघांनी उघडलं.

ग्लास काठोकाठ भरलेला. थंडगार. एक घोटही कमी नाही. आणि ग्लासावर चमचा. आडवा.

सित्कीनं चमच्याकडे बोट केलं. “नुसरतदादा, पुरे म्हणजे काय? माफ केलं, असं? का माझ्या हातचं काहीच नको, असं?”

भेटला की अजून विचारतो. त्याचं तोंड बघवत नाही, पोरांनो. ती खोली त्यानं पुन्हा कुणाला दिली नाही. ग्लास टेबलावर तसाच आहे. चहा कधीच आटला. चमचा मात्र कुणी हलवलेला नाही.