रिकामा फ्लॅश

राजू, तो मोबाइल खिशात घाल. अवसेच्या रात्री गोठ्याकडे तोंड करून फोटो काढू नको म्हटलं ना. काहून, ते सांगतो.

मंगरूळपीरचा जमशेद फोटोग्राफर माझा दोस्त होता. तसा तो फेकण्यात पटाईत. पण ही गोष्ट त्यानं मला चारदा सांगितली आणि एक शब्द कधी इकडचा तिकडे झाला नाही.

२००७ साल, पोळ्याची अवस. धनजच्या रामरावानं नवी बैलजोडी घेतली होती, तिचा फोटो काढायला जमशेदला बोलावलं. जमशेदनं नुकताच खिशात मावेल एवढा डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि त्याच्यावर सारखा चिडायचा. "ना रोल, ना काही. नुसतं खेळणं हाय!" मोठी तक्रार ही, की त्यात रिकामा फ्लॅश मारता येत नाही.

आता हे तुम्हाला कुठलं माहीत असणार? रोलमध्ये फोटो मोजके, अन् लग्नात जो तो म्हणणार, माझा काढा. मग हे फोटोग्राफर लोक कॅमेऱ्याला हात न लावता नुसतं फ्लॅशचं बटण दाबायचे. लख्ख उजेड पडायचा, पाहुणा खूश. फोटो मात्र नाही. सगळेच करायचे.

त्या पोळ्याच्या काही वर्षं आधी रामरावाच्या मुलीच्या, रूपालीच्या लग्नात त्याची म्हातारी आई चतुराबाई जमशेदपुढे येऊन बसली. "माहा बी एक काढ ना, बापू. मी गेल्यावर पोराले पाह्यले होईन."

यानं रिकामा फ्लॅश मारला. म्हातारी जराही हलली नाही.

"झाला काय, बापू?"

"झाला, माय."

जन्मात ती तेवढी एकदाच फोटोला बसली. त्याच उन्हाळ्यात ती गेली. रामराव फोटो मागत राहिला आणि जमशेद 'लॅबमध्ये आहे' म्हणून वेळ मारून नेत राहिला.

तर त्या पोळ्याच्या दिवशी वाटेत जमशेदची स्कूटर बंद पडली. धनजला पोचला तेव्हा पोळा फुटून अंधार पडलेला, गावात लाइट नाही. रामराव म्हणाला, "बैलाचं जाऊ द्या. मायचा फोटो आनला काय? पंधरा दिवसावर पितर हायेत. अन् खरं सांगू, जमशेदभाई... मायचा चेहरा इसरून राह्यलो मी."

जमशेदला फार लाज वाटली. "आनतो," एवढंच बोलून तो कंदील घेऊन गोठ्यात शिरला. रामराव पुरणपोळीचं ताट आणायला घरात गेला.

पहिला फोटो. इवल्याशा पडद्यावर बैल, रंगवलेली शिंगं, झूल. मागे खांबाशी कुणीतरी बसलेलं.

त्यानं मान वर केली. खांबाशी कुणी नव्हतं.

दुसरा फोटो. आता ती बैलांच्या पुढे. डोक्यावर पदर. हात मांडीवर. फोटोला बसतात तशी.

बैलांनी रवंथ थांबवला.

कंदील फडफडला... विझला. जमशेदनं नुसत्या उजेडासाठी बटण दाबलं. जुनी सवय.

लख्ख.

समोर कुणी नाही. पडद्यावर फक्त चेहरा.

मग कानाशी आवाज... तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा.

"झाला काय... बापू?"

बोट फोटो पुसायच्या बटणावर गेलं. तेवढ्यात रामरावाचं बोलणं आठवलं.

"झाला... माय."

...

बैल पुन्हा रवंथ करू लागले.

त्यानं फोटो पुसला नाही. अकोल्याला मोठा करून घेतला. पाकीट उघडून पाहायची मात्र हिंमत झाली नाही, तसंच रामरावाच्या हातात दिलं. रामराव ढसाढसा रडला. "हेच! हेच माही माय!" मग डोळे पुसून त्यानं फोटो उजेडात धरला.

"जमशेदभाई... हा लग्नातला नाई."

म्हातारीच्या ओठांत तुळशीचं पान होतं.

"हे पान मीच ठेवलं होतं. तिरडीवर."

तो फोटो अजून धनजला भिंतीवर आहे. मी पाहिला आहे. इतक्या वर्षांत त्याचा रंग उडाला. लुगडं गेलं, पदर गेला, चेहरा पुसट होत होत पांढरा झाला. रामरावालाही तो चेहरा आता आठवत नाही.

पान मात्र हिरवंगार आहे.